छातीवरची बातमी

शेवटची वळणं सायकल ढकलत पायीच चढून एव्हारिस्तो खिंडीवर पोचला, तेव्हा बायको एर्सिलिया गाडी लावून कधीची उभी होती. हातात कालचं वर्तमानपत्र. उतारावरचा बोचरा वारा अडवायला ते जर्सीच्या आत छातीवर कोंबायचं, ही इथली जुनी रीत. लग्नाच्या वर्षी घामाने त्याच्या छातीवर अक्षरं उमटायची आणि एर्सिलिया आरसा धरून अख्खा अंक वाचायची, हवामानासकट. निदान गावभर तो तसं सांगत फिरायचा. आज तिने कागद पाठीमागे लपवला. "म्हाताऱ्या, मुकाट्याने गाडीत बस. डॉक्टर काय म्हणाला?" "उद्यापासून सायकल नातीची. आज एकदाच उतरू दे गं." ती खालच्या वळणांकडे बघत राहिली. मग जर्सीची चेन उघडून तिने कागद आत सरकवला. "हळू उतर. आता बारीक अक्षर दिसत नाही मला. मोठा मथळा आतल्या बाजूला लावलाय."