सूज उतरवणारे हात

भिवाजींनी मैना घोडीच्या सुजलेल्या पायावरून तळवा हलकेच वर, छातीच्या दिशेने सरकवत नेला. तिच्या मानेत बसवलेल्या नळीतून पिवळसर लसिका, सुजेत साठलेलं पाणी, बाटलीत उतरू लागली. साथीच्या तापावरचं औषध आता यातूनच बनायचं, आणि तिसऱ्या बाटलीनंतर घोडं जगायचं नाही. ही तिसरी होती.

“डॉक्टरबाई, हे काम यंत्राला द्या की,” ते बाटली धरून उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले.

“दिलं होतं, काका. यंत्र लावलं की ती अंग आखडते, थेंब येत नाही. तुमचा हात लागला की सैल सोडते.”

मैनाने नेहमीसारखं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाटली भरत आली, तसं ते डोकं जड होत गेलं.

भिवाजी हात पुसून पुढच्या ठाणाकडे वळले. त्यांची पावलं ओळखून तिथल्या शिंगराने आपणहून पाय पुढे केला.