इंजिनाचा खांदा

इंजिन फटफट करत होतं, काळा धूर ओकत होतं, पण विहिरीतून चूळ भरायलाही पाणी येईना.

पोळ्याच्या दिवशी बैल धुवायचे सोडून अर्धं उंद्री गाव उकंडराव पाटलांच्या मळ्यात जमलं होतं, यातच काय ते समजा. पंधरा दिवस पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. मिरचीनं माना टाकल्या होत्या. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून मोट बंद. आज पाणी द्यायचं तर या नव्या इंजिनानंच. चिखलीचा कय्यूम मिस्त्री घामानं निथळत होता. पंपात त्यानं तीन बादल्या पाणी ओतलं, पट्टा दोनदा ताणला. इंजिनाचं चाक गरगरा फिरे, पट्टा त्यावरून नुसता घसरे आणि पंप ढिम्म.

"पाटील, हे तं रुसल्या जावयावानी करून राह्यलं!" गर्दीतून कोणी तरी ओरडलं आणि हशा पिकला.

उकंडराव हसले नाहीत. "मिस्त्री, भरा हे गाडीत अन् न्या वापस. माही मोट बरी अन् माहा कडूबा बरा."

मोटेचे बैल चालतात त्या धावेच्या कडेला उभ्या असलेल्या कडूबाच्या कानात ते बोलणं गुळासारखं उतरलं. वीस वर्षं त्यानं या विहिरीवर मोट हाकली होती. आणि चारच दिवसांपूर्वी याच पाटलांनी सांगितलं होतं, "पोळा झाला का मोट बंद, कडूबा. तू दुसरीकडं काम पाह्य." आता इंजिन गेलं की सुटलो! त्यानं मनातल्या मनात मारोतीला नारळ बोलून टाकला.

तेवढ्यात पट्टा तापला आणि साऱ्या मळ्यात खमंग वास सुटला.

"वा! पाटलाच्या घरी पोळ्या लागल्या वाट्टे तव्यावर," एक म्हातारा मिटक्या मारत म्हणाला.

कडूबानं नाक वर करून हुंगलं. हा वास पोळीचा नव्हता.

काल संध्याकाळी खांदमळणी होती. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि कानात सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' दोन्ही बैलांचं झालं तरी वाटीत तूप उरलं, तेव्हा मालकीण गोजरबाई म्हणाली होती, "कडूबा, त्या नव्यालेही लाव बाबा. तोही आता घरचाच." कडूबानं इंजिनाभोवती तीन चकरा मारल्या. लोखंडाला खांदा कुठला? मग त्याच्या ध्यानात आलं, ओढ जिथं बसते तोच खांदा! त्यानं पट्टाच चोळला, आतून-बाहेरून, नवरदेवाला हळद लावावी तसा. आपली भाकर हिसकायला आलेल्याला आवतन देताना जीव कुरकुरला होता खरा. पण सणाला दारात उभ्या असलेल्याला उपाशी ठेवायचं कसं?

मिस्त्रीचे हात ग्रीसनं माखलेले आणि नाक सर्दीनं चोंदलेलं. त्याला काय कळणार! कळलं होतं ते एकट्या कडूबाला. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं.

कय्यूम पाने-पकडी गोळा करत पाटलांना काकुळतीनं म्हणाला, "ये तिसरा इंजिन वापस चालला, पाटील. दुकानदार आता मले घरी बसवन. चार लेकरं हायत हो घरात."

कडूबा जागच्या जागी चुळबुळला. मारोतीवर मनातून चिडला. मग गोठ्यातल्या चुलीतली राख धोतराच्या सोग्यात घेऊन तरातरा चालत आला.

"थांबा, मिस्त्री. मालक, माह्या हातून झालं हे. काल म्या त्याची खांदमळणी केली."

"कोनाची?"

"इंजिनाची."

उकंडरावांचा चेहरा लाल झाला. "कडूबा! मुद्दाम केलं बे तू?"

"त्याले काऊन बोलता?" गर्दीतून गोजरबाई कडाडली. "मीच सांगतलं होतं. बैलाले लावाचं अन् त्याले नाई, हा कोनता न्याय?"

कय्यूमनं इंजिन बंद केलं. कडूबानं गोणपाटानं पट्टा खसाखसा पुसला, त्याला राख चोळली, पुन्हा पुसला. मिस्त्रीनं हँडल मारलं. पट्टा चाकाला घट्ट बिलगला, पंप गुरगुरला आणि पाण्याचा हा एवढा लोट धबाधबा विहिरीकाठच्या थारोळ्यात कोसळला. पोरं त्यात उड्या मारायला लागली. पाट भरून पाणी मिरचीकडे निघालं आणि ते बघून कडूबालाही हसू आवरेना. नोकरी गेली तर गेली!

"पाटील," कय्यूम हात पुसत म्हणाला, "म्या चिखलीले गेल्यावर याच्यापाशी कोन राहीन? तेल-पानी पाहाले मानूस लागते. इंजिनाचा खांदा कुठं असते, हे कडूबाले कोनी शिकवलं नाई, तरी सापडलं. याच्यापेक्षा चांगला कोन भेटन तुमाले?"

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. गोजरबाईकडे एकदा पाहिलं, आणि तिथं उत्तर तयारच होतं.

"ठीक हाय, कडूबा," ते म्हणाले. "पन तूप बैलालेच लावाचं, समजलं काय बे?"

लोक हसत घराकडे वळले. कडूबा कय्यूमला धरून जेवायला नेणार, एवढ्यात त्याचं धावेकडे लक्ष गेलं.

चांद्या आणि बांड्या, नुकती शिंगं रंगवून सोडलेले दोन्ही बैल, थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज ऐकून आपले आपणच आले होते. रोजच्या जागी, जुवासाठी माना खाली घालून उभे होते.

कडूबानं दोघांच्या पाठीवर थाप मारली. "घरी चला बे. आजही पोळा, अन् उद्याही पोळा."

बैल जागचे हलले नाहीत.