रस्ता सोडा!

"आधी हसून दाखवा," विजयमाला म्हणाली.

भोवती जमलेले हमाल तिच्याकडे बघतच राहिले. वाशीच्या कांदा मार्केटात, गाळ्याच्या कट्ट्याला टेकून तिचा नवरा बाबासो बसला होता. पाठीवरची गोणी घसरून फुटली होती, कांदे पार गटारापर्यंत घरंगळले होते. आणि ही बाई त्याला हसायला सांगत होती.

बाबासो हसला. ओठाची उजवी कड वर गेली. डावी जागची हलली नाही.

"आता दोन्ही हात वर करा."

उजवा हात वर गेला. डावा मांडीवरच पडून राहिला. बाबासोनं तो उजव्या हातानं उचलून पाहिला. सोडला तसा परत पडला.

"मिरगी हाय," टोळीचा मुकादम मानसिंग म्हणाला. त्यानं कांदा फोडूनही ठेवला होता. "ह्यो नाकाला लावा आन् सावलीत झोपवा घटकाभर. उन्हाचं झालंय."

"झोपवायचं न्हाई!"

विजयमाला ओरडली. इतकी वर्षं ती याच गाळ्यावर कांदा निवडत होती, पण एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. स्वतःच्याच आवाजानं ती दचकली, पण थांबली नाही. "ही मिरगी न्हाई. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असंल."

गेल्या दिवाळीपासून ती संध्याकाळी बायकांच्या वर्गाला जायची. बसवरच्या पाट्या वाचता याव्यात, एवढीच तिची इच्छा होती. पण शिकवणाऱ्या क्रांती मॅडम अक्षरांवर थांबणाऱ्या नव्हत्या. एकदा त्यांनी सगळ्या बायकांना उभं करून हसायला लावलं, हात वर करायला लावले, एकेक वाक्य बोलायला लावलं. लकवा कसा ओळखायचा, ते त्या शिकवत होत्या. बायकांना हसू आवरेना. घरी येऊन तिनं बाबासोला तसंच करायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "हसायला जातीस व्हय शाळंत?"

"गेटसमोर दवाखाना हाय, सलाईन लावतील," कुणीतरी म्हणालं.

"सलाईन नको. डोक्याचा फोटो निघतो त्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. चार तासांच्या आत सुई मिळाली तर माणूस उठू शकतो. उशीर झाला तर सुईचा उपेग न्हाई."

मानसिंगच्या हातातला कांदा खाली पडला. मग तो एकदम गरजला, "हातगाडी आणा रे!"

गल्लीत ट्रकला ट्रक लागले होते. रिकाम्या गोण्यांवर बाबासोला कुशीवर निजवलं आणि हातगाडी सुटली. पुढे मानसिंग, दोन्ही हात हलवत, घसा फोडून ओरडत. "रस्ता सोडा! रस्ता सोडा!" पाठीवरच्या गोण्या टाकून हमाल धावले. मधे उभी असलेली मोटरसायकल चौघांनी मालकासकट उचलून बाजूला ठेवली. एका ट्रकवाल्यानं मागं न बघता गाडी रिव्हर्स घेतली. आरडाओरडा गल्लीभर पसरत गेला, आणि त्या आवाजापुढे गर्दी फाटत गेली. विजयमाला नवऱ्याचं डोकं धरून पळत होती. चप्पल कुठं गेली, तिला कळलंही नाही.

गेटवर बाजारातला टेम्पोवाला कान्हा टेम्पो चालू करून बसला होता. त्यानं हॉर्नवरचा हात हॉस्पिटलपर्यंत काढला नाही.

"शेवटचं नीट कधी बोलले?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अकराच्या चहाला. साखर कमी हाय म्हणाले."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि स्ट्रेचरबरोबर त्या स्वतःच धावत सुटल्या. फोटोत गाठ दिसली. सुई दिली गेली.

मग वाट बघणं आलं. सगळी टोळी बाहेर येऊन थांबली होती. वॉचमननं दोनदा हाकललं, तरी कुणी हललं नाही. दिवस कलला तेव्हा दार उघडलं.

"या, बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना हसू लपवता येत नव्हतं.

बाबासोनं डावा हात उचलला. थरथरत, पण उचलला. दाराशी झालेली गर्दी बघून जड जिभेनं म्हणाला, "सगळी हितं आल्यावर... कांद्याची गाडी कोण उतरवतंय?"

एकच गलका झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी शेजारच्याला मिठी मारली. डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले तसे सगळे तोंड दाबून हसू लागले. विजयमाला हसत होती, रडत होती, दोन्ही एकदमच चाललं होतं. इतका आनंद पेलायचा कसा, तिला कळेना.

मानसिंग मात्र कुठं दिसेना. तो जिन्यात सापडला. डोक्याचा पंचा तोंडात कोंबून एकटाच बसला होता.

"भाऊजी, बोलले ओ ते! हात उचलला!"

"ऐकलं, वहिनी." त्यानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "पारसाल माझा थोरला भाव असाच खाली बसला. त्वांड असंच वाकडं, हात असाच पडलेला. आम्ही त्याला घरी न्हेला. हातरून घातलं. त्याला झोप लागली, म्हणून मी दिवसभर दारात बसून ऱ्हायलो, वहिनी. कुनाला आवाज करू दिला न्हाई."