सासरचं अंजीर

परसातलं अंजीर पुन्हा पिवळं पडलं होतं. रेणुकाने एक पान चोळून नाकाशी धरलं. माहेरच्या बागेचा वास येईल म्हणून रोज धरायची, वेडी! आज तोही आला नाही.

रोप बाबांनी पुरंदरहून आणून दिलेलं. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून मासळीच्या घरात पाण्याचा घोटही न घेता, समुद्रकाठच्या भाट्याच्या ह्या पडवीत नुसते टेकून ते परत गेले. त्यानंतर आलेच नाहीत. आता रोपही गेलं, तर कुठल्या तोंडाने त्यांना या म्हणायचं?

तिने फोन लावून पायरीवर ठेवला, स्पीकर चालू करून.

"तुमच्याकडची तांबडी माती आंबट," बाबा म्हणाले. "तिच्यात अंजिराची मुळं आखडतात. आपल्या रानात चुनखडी आहे, म्हणून इथे फोफावतं. थोडा चुना घाल."

"ह्यांना कधीची सांगतेय. आज आणतो, उद्या आणतो!"

तेवढ्यात सासू, तुळसाबाई, तरातरा आली आणि सूपभर रिकामे शिंपले तिच्या पुढ्यात ओतले. काल रांधलेल्या तिसऱ्यांचे.

"दुकानात कशाला जायला हवं गो? हा चुनाच हाय. कूट नि घाल." एक जुना पाटाही तिने ओढत आणला. "तुझ्या चटणीचा नाय, भिऊ नको."

घरात तिसऱ्या शिजायला लागल्या की रेणुका परसात येऊन बसायची. शिंपल्याला कधी बोट लावलं नव्हतं तिने. आताही हात पुढे होईना.

"काय गं, मिळाला का चुना?" बाबांनी विचारलं.

हो म्हटलं की मिटलं असतं. पण लपवून वाढवलेल्या झाडाचं फळ बाबांच्या हातावर कसं ठेवायचं?

"शिंपले आहेत, बाबा. तिसऱ्यांचे. घरात खाल्लेल्या."

  त्यांच्या उत्तराची वाट न बघता तिने शिंपला उचलला, पाट्यावर ठेवला आणि वरवंटा हाणला.

"बारीक कूट," बाबांचा आवाज आला. "जाड राहिला तर मातीत मुरायला वर्षं जातील."

रेणुकाला हसूही आलं आणि डोळेही भरले. ती जोरजोरात कुटायला लागली.

तुळसाबाई काय संधी सोडते! ती फोनवर वाकून ओरडली, "व्याहीबुवा, अंजीर खायला या हां! पण ह्या खेपेला पाणी प्यायल्याशिवाय सोडणार नाय!"

"आई, अहो!" रेणुकाचा वरवंटा थांबला.

 बाबा घसा खाकरून म्हणाले,

"मी आणलेलं झाड तुमच्याच विहिरीचं पाणी पितंय ना, विहीणबाई."