दार लावणारी

पाळणाघरातल्या मावशींनी ठकूपुढे ठोकळ्यांचा डबा पालथा केला आणि तिच्या आईला डोळ्यांनी खुणावलं: सटका आता.

आठवडाभर हेच चाललं होतं. पोर खेळात रमली, की आईनं डोळा चुकवून पसार व्हायचं. रडारड नको म्हणून. रडारड झाली नव्हतीच. फक्त ठकू आता आईला घरी न्हाणीतही एकटं सोडत नव्हती, झोपेत तिची ओढणी मुठीत धरून ठेवायची. तीन वर्षांची पोर ताकही फुंकून प्यायला शिकली होती. ठोकळ्यांकडे तिनं पाहिलंही नाही. आईचा पाय मात्र घट्ट धरला.

तेवढ्यात शिवणकाम करणारी बाई मुलाला घेऊन आली. परमुलखातली, अडखळत बोलणारी. दारातच उकिडवी बसून तिनं मुलाला सांगितलं, की ती निघाली. त्यानं भोकाड पसरलं. बाईनं त्याला गप्प केलं नाही, खाऊही दाखवला नाही. मोठ्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकावं तशी ऐकत राहिली. मग बाहेर गेली. मुलानं हुंदके देत दोन्ही हातांनी दार लोटलं आणि नाक पुसत आत आला.

"त्यांच्याकडची तऱ्हाच निराळी," मावशी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी म्हटलं, अहो, रडतोय तो. तर म्हणते, रडणारच, मी जातेय ना. तिच्या आईनंही म्हणे असंच केलेलं. मागं राहणाऱ्यानं दार लावायचं."

ठकूची आई खाली बसली.

"ठकू, मी कामाला जातेय. तू दुपारी झोपून उठलीस, की घ्यायला येईन. दार तू लावशील?"

ठकूनं असा टाहो फोडला, की शेजारचा चांभार डोकावून गेला. आईचा हात सवयीनं बिस्किटाच्या पुड्याकडे गेला. तिनं तो मागं घेतला. 'नको जाऊ' तिनं अकरा वेळा ऐकलं, प्रत्येक वेळी मान डोलावली. मग उंबरा ओलांडला.

दार बराच वेळ हललं नाही. मग इंचाइंचानं लागलं.

आई बाहेर उभीच. पाऊल काही उचलेना.

दार वीतभर उघडलं. ठकूचा चेहरा शेंबडानं आणि आसवांनी माखला होता. तिनं आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जा ना गं," ती म्हणाली, आणि दार पुन्हा लावून घेतलं.