उजवा पाय

दीपालीने डावा पायही नळाखाली धरला तेव्हा आमोद सरांनी तिला थांबवलं. "डावा राहू दे. फादर फक्त उजवा धुतात."

पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. ज्यांचे धुवायचे ते घरूनच पाय घासूनपुसून येतात, ही येरवड्यातल्या या चर्चची जुनी रीत. फादरांच्या तस्तात मळ दिसलेला बरा नाही. यंदा फादरांना नवं सुचलं. बाराही जण मागच्या वस्तीतले घ्यायचे. चर्चच्या कमिटीला कल्पना फार आवडली. अडचण एवढीच की वस्तीत पाय धुवायला पाणी नव्हतं. म्हणून कमिटीचे सेक्रेटरी आमोद सर स्वतः किल्ली घेऊन आले आणि त्यांनी आवारातल्या नळाचं कुलूप काढलं.

कुलूप त्यांनीच घातलेलं होतं. रस्त्याच्या खोदाईत वस्तीची लाइन तुटली तेव्हापासून बायका इथेच हंडे भरत. मग आवारात चिखल झाला, लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी नाकं मुरडली, आणि कमिटीने नळ बंद केला. वस्ती टँकरवर आली. ते पाणी पिऊन दीपालीच्या लेकीला कावीळ झाली. दीपाली फादरांकडे गेली, त्यांनी कमिटीकडे पाठवलं. कमिटी म्हणाली, फादरांना विचार.

पाय धुवायला बसशील का, असं विचारल्यावर ती लगेच हो म्हणाली. तिने मनाशी पक्कं केलं होतं. भरल्या चर्चमध्ये, खुद्द फादर पायाशी बसलेले असताना मागायचं. तेव्हा ते नाही कसं म्हणतील?

प्रवचन गरिबांवर झालं, आणि चांगलं झालं. मग फादर एकेका खुर्चीपुढे गुडघे टेकू लागले. दीपालीपुढे आले. त्यांनी पाणी ओतलं, टॉवेलने पाय टिपला.

"फादर," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "नळाचं कुलूप काढा. माझी पोरगी आजारी आहे."

फादरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. वाकून त्यांनी तिच्या पावलाचं चुंबन घेतलं, इतरांपेक्षा अंमळ जास्तच वेळ. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गाणाऱ्यांनी गीत धरलं आणि फादर पुढच्या खुर्चीकडे सरकले. दीपालीला वाटलं, झालं आपलं काम. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास आला.

मिस्सा संपताच ती घरी पळाली आणि हंडा घेऊन आली. आवारात कुणीतरी तस्तातलं पाणी गुलाबाच्या वाफ्यात ओतत होतं. पाणी अगदी स्वच्छ होतं. आमोद सर नळापाशी उभे होते. त्यांचेही डोळे लाल होते. माणूस खरंच रडला होता. त्यांनी कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अशी मिस्सा मी आजवर पाहिली नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही तूच बस, दीपाली. आणि असंच बोल."