बाटलीभर गोदावरी

“येताना गोदावरीचं बाटलीभर पाणी आण. विसरू नको.”

योगीराजचं शेवटचं सांगणं एवढंच. पन्नासच्या वर वर्षं झाली, पण ते सांगताना गीताबाईंचा आवाज आजही हलका झाला.

समोर सतरंजीवर बसलेली रेणुका वहीत लिहून घेत होती. मूळची सेलूची. आता दूर एका बेटाजवळ ती पर्यटकांना समुद्राच्या तळाशी न्यायची. तिथं युद्धात बुडालेल्या दोन नौका होत्या. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसं त्या बघायला येत आणि वर आल्यावर विचारत, यात कोण होते? रेणुकाकडं नुसती नावांची यादी होती. त्यातलं एक नाव ताडकळसचं निघालं, म्हणून ती इथवर आली होती.

बसथांब्यावर विचारलं तर शेजारच्या कस्तुराबाईंनी तिला थेट या दारात आणून सोडलं. “योगीराजचा दिवा हितंच लागतो, बाई.”

भिंतीवर पांढऱ्या वर्दीतला हसरा तरुण होता. फोटोला चंदनाचा हार. त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता, मनगटावर मारुती गोंदलेला. तो माणूस चौकटीबाहेर राहिला होता. खाली निरांजन आणि नदीच्या पाण्यानं भरलेलं फुलपात्र. रोज अंघोळ झाली की गीताबाई ते पाणी तुळशीला घालत आणि ताजं भरून ठेवत. मगच चहाचं आधण.

रेणुकानं मोबाइलवर चित्रफीत लावली. निळ्या अंधुक पाण्यात कुशीवर निजलेली नौका. “ही तोफ, आजी. आता हिच्यात मासे राहतात.”

कस्तुराबाई वाकून बघायला लागल्या. “अगं माय! हिरीत बादली पडली तर आमी गळ टाकतो, आन् ही पोरगी सवताच उडी घेती!”

गीताबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोटाचं टोक पडद्यावरच्या तोफेला लावलं आणि ते डोळ्यांना लावलं. कस्तुराबाई पदर सावरत घरी गेल्या.

“लग्नाला किती दिवस झाले होते?” रेणुकानं जपून विचारलं.

“पंधरावा दिवस. हातावरची मेंदी बी गेली नव्हती. निघायची तयारी झाली होती, बाटली भरून पेटीत ठेवली होती. आन् रेडिओवर बातमी आली.”

त्यांच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू बघून रेणुकानं मान खाली घातली.

दुपारी गीताबाईंनी तीन ताटं वाढली. भाकरी, वरण, दोडक्याची भाजी. मीठ फक्त रेणुकाच्या ताटात.

“तुम्हाला नको?”

“ते खाऱ्या पाण्यात गेले. तवापासून ह्या घरात अळणीच. हे व्रत पोथीतलं न्हाई, बाई. आपलं आपण धरलेलं.”

तिसरं ताट झाकून त्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. देवघर आत असावं, रेणुकाला वाटलं.

जेवताना ती म्हणाली, “यादीच्या शेवटी एक नाव वेगळं आहे. पुढं लिहिलंय, रजेवर असल्यानं बचावला.”

गीताबाईंचा घास हातातच राहिला. “कागदावर बचावला असंल. माणूस वाचला म्हणून घरी आला, असं न्हाई होत.”

आत कुठंतरी भांडं वाजलं. मांजर असेल.

हात धुऊन गीताबाईंनी फडताळातून काचेची जुनी बाटली काढली. एकादशीला आणलेल्या गोदावरीच्या पाण्यानं ती काठोकाठ भरलेली होती. “दर एकादशीला भरते. पण नेणार कुठं? समुद्र केवढा! ते कुठं निजलेत, ठावच नव्हतं. आता तू जागा दावलीस.”

“मी नेते ना, आजी. तोफेपाशी सोडते.”

“न्हाई, लेकी. ज्याला सांगितलं, त्यानंच न्यावं. वय झालंय, आता राहिलं तर राहिलंच. बोटीतून वरून ओतलं तर पोचंल का त्यांना?”

“पोचेल.” रेणुकानं वही मिटली. “चारची गाडी आहे पूर्णेहून. चला माझ्यासोबत.”

“दोघांना जागा मिळंल?”

“मिळेल की.” कस्तुराबाई सोबतीला येणार, रेणुकानं मनाशी धरलं.

गीताबाईंनी निरांजनात तूप घातलं, फोटोला नमस्कार केला आणि बाटली घेऊन त्या आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

“आवं, ऐकलंत न्हवं सगळं? उठा आता. योगीराज भाऊजींनी आपली रजा तुमाला दिली, म्हणून आपलं लगीन झालं. त्यांचं पाणी राहिलंय.”

आत खाट करकरली. चपला सरकल्या. मग दारातून एक सुरकुतलेला हात पुढं आला आणि त्यानं गीताबाईंच्या हातातली बाटली अलगद घेतली. मनगटावर मारुती गोंदलेला होता.